चौदावे जेवण

आठवड्याचे वार सात आणि माणूस दिवसातून दोनदा जेवणार. तेव्हा आठवड्याची जेवणे चौदा झाली, हा हिशेब प्राथमिक शाळेतले पोरही बिनचूक करील. पण पुण्याच्या सदाशिव पेठेतील ज्या मेसमध्ये मी दोन वर्षे जेवलो तिचे गणित निराळे होते. तेथे आठवड्याला तेराच जेवणे मिळत. रविवारी दुपारी ‘फीस्ट’ असे. फीस्ट म्हणजे मसालेभात, बटाट्याची सुकी भाजी, पापड आणि दोन जिलब्या. तिसरी मागितली तर वाढपी ऐकू न आल्यासारखे करून पुढच्या ताटाकडे वळे. ही फीस्ट आटोपली की दाराला कुलूप लागे, ते सोमवारी सकाळी निघे. दारावर पाटी होती : ‘रविवारी रात्री मेस बंद. कारण विचारू नये.’ पुण्यातील पाट्यांविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे, त्यात भर घालण्याचा माझा विचार नाही. आणि कारण विचारण्याची आम्हांला गरजही नव्हती. दोन वेळा शंभर-सव्वाशे माणसे जेवू घालणाऱ्यांना आठवड्यातून एक वेळ तरी शेगडीपासून सुटका हवी असणार, हे कळत होते. कळत नव्हते ते इतकेच, की मग आम्ही जेवावे कोठे?

हे चौदावे जेवण शोधण्यात माझी दोन वर्षे गेली. एम.ए.च्या वर्गात मी भाषाविज्ञान आणि साहित्यशास्त्र शिकलो, त्याचा पगार आज घेतो आहे. पुणे शहर मात्र जे थोडेफार कळले ते रविवार रात्रीच्या भुकेमुळे कळले.

१९९८ सालच्या जुलैत मी बार्शीहून एस.टी.ने स्वारगेटला उतरलो. बरोबर एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि आईने दिलेला पितळी डबा. डब्यात शेंगांची चटणी आणि कडक भाकरी. आमचा मुलूख ज्वारीचा. तिकडची मालदांडी ज्वारी प्रसिद्ध आहे. मोहोळच्या शेती संशोधन केंद्रात निवडलेले तिचे वाण आजही रब्बीला पेरतात. गव्हाला जो चिकटपणा असतो तो ज्वारीला नाही. म्हणून ज्वारीची भाकरी लाटता येत नाही. कढत पाण्यात पीठ मळून तळहाताने थापावी लागते. हीच भाकरी पातळ थापून, तव्यावर व विस्तवावर पार कडकडीत होईतो वाळवली की महिनाभर टिकते. प्रवासाला, शिक्षणाला, तुरुंगाला, कोठेही न्यावी. तिला फक्त एक दोष आहे. ती खाताना आवाज होतो. हा दोष मला पुढे फार नडला.

सदाशिव पेठेतील एका वाड्यात मला ‘कॉट बेसिस’वर जागा मिळाली. हा शब्द मी पुण्यातच प्रथम ऐकला. खोली तुमची नाही, खाट तेवढी तुमची. साडेतीनशे रुपये महिना. खोलीत आणखी तिघे होते. एक रत्नागिरीकडचा, एक जळगावचा आणि एक कोल्हापूरचा. खोलीचा नियम असा की शिजवायचे काही नाही, आणि अंडेसुद्धा उंबऱ्याच्या आत आणायचे नाही. मेसमध्ये नाव घालायला गेलो तेव्हा वहीवर पेन टेकवून मालकांनी प्रथम आडनाव विचारले, मग गाव, मग पुन्हा एकदा आडनाव. दुसऱ्यांदा विचारताना ते हसले नाहीत. ‘आमच्याकडे शुद्ध शाकाहारी असतं हो,’ ते म्हणाले. मी म्हणालो, चालेल. वस्तुतः त्यांनी मला काहीच वावगे म्हटले नव्हते. तरी ते दुसऱ्यांदा विचारलेले आडनाव कितीतरी दिवस माझ्या घशात अडकून राहिले.

आणि मग ती आमटी! पहिल्या दिवशी भुरका मारला आणि मला वाटले, आचाऱ्याच्या हातून गुळाचा खडा चुकून पडला. दुसऱ्या दिवशीही पडला. आठ दिवसांनी ध्यानात आले की चूक आचाऱ्याची नसून भूगोलाची आहे. आमच्याकडच्या कालवणात काळे तिखट. मिरची, सुके खोबरे आणि मसाले काळपट होईतो भाजून केलेले. पुण्याच्या आमटीत गोडा मसाला. त्यात धने, तीळ, खोबरे, दगडफूल यांचा मान मोठा, मिरचीचा लहान. वर चिंच किंवा आमसूल, आणि त्याची धार मोडायला गूळ. दोन्हीकडे तूरडाळ तीच, आणि बार्शी तर तुरीच्या डाळीची पेठ. म्हणजे आमच्याच गावची डाळ पुण्यात येऊन गोड बोलू लागली होती. मी चिडून पहिल्या महिन्यात आमटीला शिवलो नाही. पण सहा महिन्यांनी सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईच्या कालवणाने डोळ्यांत पाणी आले, आणि ते पाणी प्रेमाचे नव्हते.

पहिल्या रविवारी रात्री तिन्ही सोबती बाहेर गेले आणि मी पैसे वाचवावेत म्हणून खोलीत राहिलो. साडेनऊला ते परतले तेव्हा दिवा मालवून अंथरुणात पडलो होतो. पोटात कावळे ओरडत होते. ते झोपले असे वाटल्यावर मी हळूच डबा उघडला आणि चादरीखाली कडक भाकरीचा तुकडा मोडला. त्या शांततेत तो आवाज असा काही झाला की वाड्यातले एक कुत्रे भुंकले. अंधारातून जळगावकराने विचारले, ‘काय कुरतडतोयस रे?’ मी म्हणालो, काही नाही. आईच्या हातच्या भाकरीला मी ‘काही नाही’ म्हटले, ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. रत्नागिरीकराने उठून दिवा लावला, डबा ओढला आणि चौघांनी मिळून त्या रात्री अर्धा डबा संपवला. पुढे त्यानेही आपल्या ट्रंकेतली सुकट काढली. तिच्या वासाने दुसऱ्या दिवशी मालकीणबाई जिन्यात उभ्या राहून, कोणाच्या खोलीत उंदीर मेला आहे, याची चौकशी करू लागल्या. आम्ही चौघांनी तासभर खाटांखाली वाकून उंदीर शोधला. तो अर्थातच सापडला नाही.

वाड्याच्या ओट्यावर एक आजोबा बसत. ऐंशी उलटलेले, पण स्मरण टवटवीत. आमच्या रविवारच्या तक्रारी ऐकून ते हसत. विद्यार्थी असताना त्यांनी वार लावून जेवण केले होते. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, असे सात घरी सात वार. ‘तुमचा एकच वार अर्धा रिकामा,’ ते म्हणत, ‘माझे कधी कधी तीन तीन रिकामे असत.’ त्याहून गरीब मुले माधुकरी मागत. मधुकर म्हणजे भुंगा. तो जसा फुलाफुलातून थोडे थोडे घेतो तसे घरोघरचे अन्न गोळा करायचे, म्हणून माधुकरी. १९०९ साली ‘अनाथ विद्यार्थी गृह’ या नावाने निघालेल्या आणि आज पुणे विद्यार्थी गृह म्हणून नांदणाऱ्या संस्थेची सुरुवात याच माधुकरीवर झाली. आजोबा हे अभिमानाने सांगत आणि मीही भक्तिभावाने ऐके. मात्र एकदा रात्री खाटेवर पडल्यापडल्या माझ्या मनात आले, की आजोबांच्या काळी मी पुण्यात शिकायला आलो असतो तर माझे सातही वार रिकामे गेले असते. तो वार ज्या घरांत लागे ती घरे कोणाची आणि ताटावर बसणारे पोर कोणाचे, हे ठरलेले असे. आमच्यासारख्यांच्या मुलांसाठी साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांना १९२४ साली वसतिगृह काढावे लागले, सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसवावी लागली, आणि कोठीत धान्य नव्हते तेव्हा लक्ष्मीबाईंना मंगळसूत्रसुद्धा मोडावे लागले. आजोबांना मी हे बोललो नाही. ते मला रोज एक लिमलेटची गोळी देत.

असो. तर चौदाव्या जेवणाची गोष्ट. घरून बाराशेची मनिऑर्डर येई. मेसचे सहाशे, खाटेचे साडेतीनशे, गणेशखिंडीतील विद्यापीठापर्यंतचा पी.एम.टी.चा पास, वह्या, साबण असे सारे वजा जाता एका रविवारला पंधरा रुपये येत. पंधरा रुपयांत पोट भरणारी जागा शोधत आम्ही चौघे दर रविवारी एक नवा रस्ता धरत असू. लकडी पुलापलीकडे डेक्कनवर इराण्याचे गुडलक, १९३५ पासूनचे. बन-मस्का आणि चहा, आणि जास्त चैन असेल तर ऑम्लेट. पुण्यातले माझे पहिले अंडे मी तेथे खाल्ले आणि काहीतरी क्रांती केल्यासारखा छाती काढून परत आलो. इराण्याच्या हॉटेलचा मोठा गुण म्हणजे एका चहावर तासभर बसले तरी कोणी कपबशी उचलून सुचवीत नसे. हे लोक इराणातल्या यज्द आणि केरमानकडून हिंदुस्थानात आलेले. मुलूख सोडून आलेल्या माणसाला बसायला जागा लागते, हे बहुधा त्यांना शिकवावे लागले नसावे. डेक्कनवरचे लकी आणि कॅम्पातले नाझ आता राहिलेले नाहीत. गुडलक आहे.

चहासाठी मात्र अमृततुल्य. पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, की हे चहाचे विशेषण नव्हे, दुकानांचे कुलनाम आहे. आधी कोणा देवाचे नाव आणि पुढे ‘अमृततुल्य’. सुमारे शंभर वर्षांपूर्वी राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी ही दुकाने काढली. दुकानाच्या तोंडाशीच ओटा, ओट्यावर मांडी घालून बसलेला मालक, समोर पितळी पातेले. आले आणि वेलदोडा खलबत्त्यात कुटताना जो ठेका धरला जाई तो पहाटे आमच्या खोलीपर्यंत ऐकू येई. दूध, पाणी, साखर, पूड सगळे एकत्र उकळून फडक्यातून गाळायचे. आईला हा चहा पाजला असता तर तिने त्याला बासुंदी म्हटले असते. मालकाला मी एकदा विचारले, ‘तुम्ही घरी कोणती भाषा बोलता?’ मराठीच्या विद्यार्थ्याला साजेसाच प्रश्न होता. तो म्हणाला, ‘आईशी मारवाडी, बायकोशी मराठी, आणि उधारीवाल्याशी हिंदी.’

मिसळीविषयी मी फार बोलणार नाही. त्या विषयावर मित्र तुटतात. कोल्हापूरकराला आम्ही नारायण पेठेत बेडेकरांकडे नेले. त्याने पहिला घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि वाडग्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू त्याच्या घराण्याचा कोणी अपमान केला आहे. मला ती आवडली. माझी जीभ तोवर थोडी फितूर झाली होती.

मेसमध्ये चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी असे, आणि ती मात्र सगळ्या मुलखांची पोरे एकमताने खात. त्या खिचडीवरून आमच्या प्राध्यापकांनी वर्गात एकदा मोठी मौज सांगितली. साबुदाणा होतो तो टॅपिओकाच्या कंदाचा. तो कंद, शेंगदाणा, मिरची, बटाटा ही सगळी मंडळी अमेरिका खंडाकडची. पोर्तुगीज इकडे येण्यापूर्वी यांतले एकही आपल्या देशात नव्हते. ‘बटाटा’ हा शब्दच मुळी पोर्तुगिजांकडून आलेला, आणि ‘पाव’सुद्धा. म्हणजे गव्हाच्या पोळीने मोडणारा आमचा उपवास सातासमुद्रापलीकडच्या कंदाने मोडत नाही! त्या दिवशी बाकावर बसून मी मनात म्हटले, की ताटात कोण कोठून आले हे इतक्या सहज विसरले जाते, तर मग वहीतले आडनावच एवढे का लक्षात राहावे?

मंडईची वाट मला रत्नागिरीकराने लावली. रविवारी रात्री उशिरा गेले की केळी आणि पेरू निम्म्या भावात मिळत. कधी पुरंदरकडच्या अंजिरांचा खालचा, जरा दबलेला थर. चौघांत दोन डझन केळी हे चौदावे जेवण आम्ही किती वेळा केले याला गणती नाही. ती जुनी मंडई १८८६ सालची. तिचा मनोरा लांबूनही दिसतो. तिला महात्मा फुल्यांचे नाव आहे. मौज अशी, की फुले नगरपालिकेचे सभासद होते तेव्हा या इमारतीवर एवढा पैसा घालण्यास त्यांचा विरोध होता. तोच पैसा शिक्षणाकडे लावावा असे त्यांचे म्हणणे. शिक्षणासाठी आलेली आम्ही चार पोरे त्यांच्या नावाच्या इमारतीखाली स्वस्त केळी सोलत उभी राहत असू. जोतीरावांनी ते पाहिले असते तर काय म्हटले असते, याचा मी कधी कधी विचार करतो.

१९९९ साली रमजान डिसेंबरात आला होता. पुण्यात बरी थंडी होती. कोणीतरी सांगितले म्हणून आम्ही पायीच कॅम्पात बाबाजानच्या दर्ग्याकडे गेलो. रस्ताभर दिवे, निखाऱ्यांवर कबाब, कढयांत मालपुवे, मातीच्या परळांत गार फिरनी. पैसे मोजून मोजून आम्ही दोन थाळ्या घेतल्या आणि चौघे त्यांवर तुटून पडलो. शेजारी बसलेले एक वयस्क गृहस्थ आमची ही अर्धी-अर्धी वाटणी पाहत होते. जाताना त्यांनी दुकानदाराला काही खूण केली आणि आमच्यापुढे आणखी चार फिरन्या आल्या. आम्ही वर पाहिले तर ते गर्दीत मिसळून गेले होते. त्यांनी काहीच विचारले नाही.

हल्ली माझे विद्यार्थी मोबाइलवर बोट फिरवतात आणि चौदावे जेवण वीस मिनिटांत दारात येते. मला त्याचा हेवा वाटतो. आमचे जोडे त्यापायी झिजले होते. पण एक सांगावेसे वाटते, की ज्यांच्या हातचे खाल्ले त्यांपैकी बहुतेक माणसे आमच्यासारखीच पुण्यात बाहेरून आलेली होती, आणि हे मला कळले ते त्यांच्यासमोर उभे राहून खाल्ले म्हणून. सर्वांत जवळच्या माणसाबद्दल मात्र ते कळायला मला दीड वर्ष लागले.

मेसच्या आतल्या खोलीत पोळ्या करणाऱ्या एक मावशी होत्या. आम्हांला त्यांचे फक्त हात दिसत. मधल्या खिडकीतून पोळ्यांची चवड बाहेर सरकवणारे हात. एका रविवारी मला जेवायला फार उशीर झाला. फीस्ट संपली होती, वाढपी ताटे गोळा करत होते. आहे ते आत जाऊन घे, असे कोणी म्हणाले म्हणून मी आत गेलो. मावशी जमिनीवर पाय पसरून जेवत होत्या. आणि त्यांच्या ताटलीत मसालेभात नव्हता, जिलबी नव्हती. ज्वारीची भाकरी होती, आणि तिच्यावर शेंगांची चटणी.

माझ्या तोंडून निघून गेले, ‘मावशी, ही भाकरी कुठली?’

त्यांनी वर पाहिले. ‘कुठली म्हंजी? माझ्या घरची.’ मग जरा थांबून, ‘तू कुठला रं? बार्शीकडचा व्हय?’

चार शब्दांत ओळखले. एम.ए.ला मी बोलींचा अभ्यास करत होतो. मला त्यांचे गाव ओळखायला जास्त वेळ लागला. त्या परांड्याकडच्या, बार्शीपासून तासाभराचा रस्ता. १९७२ च्या दुष्काळात नवऱ्याबरोबर गाव सोडले. आधी दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, रेशनवरच्या तांबड्या मिलोच्या भाकरी थापल्या. मग पुणे. धुणीभांडी, मग याच मेसमध्ये भांडी, आणि एक दिवस पोळीवाली आली नाही म्हणून पोळ्या. ‘आमटीबी मीच करते की आता,’ त्या म्हणाल्या. ‘गूळ टाकायला माझा हात हुईना बघ पैल्यांदा. मालक वरडायचे. दोन वर्सं लागली मला.’

म्हणजे दीड वर्ष ज्या आमटीवर मी मनातल्या मनात दातओठ खात होतो, ती माझ्याच मुलखातल्या बाईच्या हातची होती! मी विचारले, ‘तुम्हांलाही त्यांनी आडनाव विचारलं होतं का हो?’ मावशी हसल्या. ‘पोळी गोल आली मंजी आडनाव कोन इचारतंय!’

मग त्यांनीच विचारले, रात्री काय करता? मी रविवारचे गाऱ्हाणे सांगितले. ‘मग ये की घरी. पर्वतीच्या पायथ्याला हाय. रविवारी वशाट असतंय आमच्यात.’ आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता, माझ्याकडे न पाहता, ‘चालंल का पर तुला आमच्यात?’

मी ‘हो’ म्हणालो. पण लगेच म्हणालो नाही. मधे एक क्षण गेला. मेसच्या मालकांनी वहीवर पेन टेकवून ठेवले होते, तेवढाच क्षण. मावशींनी तो मोजला असणार. अशा गोष्टी मोजण्याची त्यांना माझ्यापेक्षा जास्त सवय होती. त्या काही बोलल्या नाहीत.

रात्री गेलो. पर्वतीच्या पायथ्याशी चढावर एकाला एक लागून घरे. त्यांचे घर एका खोलीचे. लख्ख घासलेली भांडी, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिला ताजा हार. थोरला मुलगा रिक्षा चालवीत असे, धाकटी बारावीत होती. स्टोव्हवर वजडी शिजत होती. खाटकाकडे मटण घेणे परवडत नाही त्या घरी रविवार वजडीने साजरा होतो. ती साफ करायलाच दोन तास जातात. गरम पाण्यात घालून, खरवडून, पुन्हा पुन्हा धुऊन. मग बारीक कापून दमाने शिजवायची. आमच्या घरी मटण होई, पण वजडी होत नसे. ती कोणाच्या घरी होते हे मला लहानपणापासून ठाऊक होते आणि का ठाऊक होते हे कोणी शिकवले नव्हते. पहिला घास मी डोळे मिटून घेतल्यासारखा घेतला. दुसरा घेतला तो चवीने. काळे तिखट होते, लसूण होता, आणि गुळाचा खडा नव्हता. मावशी थापतील तशी तव्यावरची भाकरी माझ्या ताटलीत पडत होती. चार झाल्या. पाचवीला मी हात आडवा धरला तेव्हा त्या मुलीला म्हणाल्या, ‘बघ, मास्तर व्हनार हाय, अन् खातोय चिमणीवानी.’

त्यानंतर एम.ए. संपेपर्यंतच्या माझ्या बऱ्याचशा रविवारांचे चौदावे जेवण तेथे झाले. कधी कधी तिघे सोबतीही येत. जाताना आम्ही मंडईतली केळी नेत असू.

आमच्याकडे रिकामा डबा परत पाठवीत नाहीत. आईचा पितळी डबा महिन्यातून एकदा बार्शीच्या गाडीने स्वारगेटला येई; कंडक्टर ओळखीचा होता. तोच डबा परत पाठवताना मी त्यात बिस्किटांचा पुडा घालत असे. उन्हाळ्यात परीक्षा जवळ आली तेव्हा मी डबा मावशींकडे विसरलो. पुढच्या रविवारी त्यांनी तो दिला तेव्हा जड लागला. आत काठोकाठ शेंगांची चटणी होती. उखळात कुटलेली, तेल सुटलेली. तो डबा मी गाडीने पाठवला नाही; परीक्षा संपल्यावर स्वतःच घेऊन गेलो.

आईने झाकण काढले आणि बोटाने चाखली. ‘ही माझ्या हातची न्हाई,’ ती म्हणाली. ‘पर हाय आपल्याकडचीच. पुन्यात कुणी केली?’

मी म्हणालो, ‘मेसमध्ये एक मावशी आहेत. परांड्याच्या.’

‘कुणाच्यातली?’

मी ते सांगितले. त्या घरी जेवतो हेही सांगितले, आणि काय जेवतो तेही. आई चुलीपुढे होती. तव्यावर भाकरी होती ती तिने उलटवली, विस्तवापुढे टेकवून उभी केली, फुगेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिली. मग पुन्हा एकदा डब्यात बोट घातले.

‘लसूण जरा जास्त झालाय,’ ती म्हणाली, आणि डबा फडताळातल्या वरच्या फळीवर, रोजच्या चटणीशेजारी ठेवला.

निकाल घ्यायला मी पुन्हा पुण्याला आलो. चार दिवसांनी स्वारगेटवर बार्शीची गाडी लागली तेव्हा कंडक्टरने एकाऐवजी दोन डबे माझ्या हातात दिले. एकावर नेहमीप्रमाणे माझे नाव होते. दुसऱ्यावर धाकट्या भावाच्या अक्षरात लिहिले होते : ‘परांड्याच्या मावशींना.’